नवी गाडी की जुनी : इसार देण्याआधीची तयारी

कापसाचे चुकारे हातात आले की आमच्या हिंगणघाटकडच्या गावांतून गाडीची बोलणी सुरू होतात, आणि नवी साडेसहा लाखांची, जुनी साडेतीन लाखांची, म्हणजे तीन लाख वाचले, एवढ्यावरच हिशेब संपतो. म्हणून कोणालाही इसार देण्याआधी वहीच्या एका पानावर मधोमध रेघ ओढावी आणि दोन्ही बाजूंना गाडी दारात येईपर्यंतचा आणि त्यानंतरच्या पाच वर्षांचा खर्च मांडावा.

नव्या गाडीच्या बाजूला शोरूमचे कोटेशन लेखीच घ्यावे. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान गाड्यांवरील जीएसटी 18 टक्के झाला आहे, त्यामुळे जुन्या दरपत्रकावर बोलणी करू नयेत. एक्स-शोरूम किमतीवर, म्हणजे वाहनकर आणि विमा धरण्याआधीच्या किमतीवर, महाराष्ट्रात एकरकमी वाहनकर लागतो. दहा लाखांपर्यंतच्या खाजगी पेट्रोल गाडीला तो 11 टक्के आणि डिझेलला 13 टक्के आहे, म्हणजे साडेसहा लाखांच्या पेट्रोल गाडीवर सुमारे 71,500 रुपये. थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. विमा शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नसते, तेव्हा बाहेरचा एक भाव हाताशी असू द्यावा, आणि मॅट, सीट कव्हर यांसारख्या वस्तू नको असतील तर कोटेशनमधून खोडून घ्याव्यात. एवढे करून साडेसहाची गाडी साडेसात लाखांच्या आसपास रस्त्यावर येते.

जुन्या गाडीची बाजू अधिक काळजीने भरावी, कारण तिथे कोटेशन देणारा कोणी नसतो. गाडी भर दिवसा, आपल्या ओळखीचा मिस्त्री सोबत नेऊन, इंजिन थंड असताना पाहावी. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23व्या आठवड्यात तयार झालेला आहे, मग नक्षी कितीही चांगली दिसो, चारही टायरचे पैसे आपल्या पानावर लिहावेत. आपल्याकडच्या पांदण रस्त्यांवर काळी माती बुडाशी घट्ट बसते आणि तिच्याखाली पत्रा गंजतो, म्हणून गाडी वर घेऊन बूड पाहिल्याशिवाय भाव बोलू नये. एसी दहा मिनिटे चालवून पाहावा. मे महिन्यात त्याचे काम काढणे महाग पडते. टायर, बॅटरी, सस्पेन्शन, पहिली सर्व्हिसिंग आणि विमा धरला की साडेतीनची गाडी चार लाखांवर जाते.

आता ताळा. हातात चार लाख आहेत असे धरू. जुनी गाडी त्यात बसते. नवीसाठी साडेतीन लाखांचे कर्ज काढावे लागेल. दहा टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे 7,440 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 96,000 रुपये होते. विम्याच्या घसारा तक्त्यात पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात, म्हणजे नवीचे सव्वातीन लाख परत येतील आणि पाच वर्षांत सव्वापाच लाखांच्या आसपास खर्ची पडतील. जुनी तेव्हा सव्वा लाखाला जाईल असे धरले आणि दरवर्षी 20,000 रुपये जादा दुरुस्तीला ठेवले, तर तिचे पावणेचार लाखांच्या वर जातात. तीन लाखांचा फरक दीड लाखाच्या आत आला, आणि त्यातलेही जवळजवळ एक लाख निव्वळ व्याज आहे. म्हणून माझे मत असे की, ज्याला कर्ज काढावे लागत नाही आणि जो रोज नागपूर-वर्धा करतो, त्याने नवी घ्यावी. ज्याची गाडी बाजार, तहसील आणि दवाखान्यापुरतीच निघते, त्याने ओळखीच्या माणसाची चार-पाच वर्षांची गाडी पाहावी. कर्ज घ्यायचेच असेल तर पीक हाती येण्याच्या वेळेनुसार सहामाही हप्ता मिळतो का, हे आधी विचारावे. दर महिन्याचा हप्ता जूनमध्ये बियाण्याच्या खर्चासोबत येतो.

कागदांत मी स्वतः फसलो आहे. मी घेतलेल्या गाडीचे कर्ज आधीच्या मालकाने फेडले होते, पण आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावरचा, कर्जाचा बोजा उतरवला नव्हता, आणि त्या वित्तसंस्थेचे पत्र मिळवून गाडी नावावर व्हायला मला चार महिने लागले. तेव्हा मूळ आरसीवर बोजा आहे का ते पाहावे, असल्यास वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. थकलेली ई-चलाने गाडीच्या क्रमांकावरून ऑनलाइन तपासावीत. उच्च सुरक्षा नंबरप्लेट नसेल तर तिचे 745 रुपये आणि जीएसटी लिहून ठेवावे. मध्य प्रदेश किंवा छत्तीसगड पासिंगची गाडी स्वस्त वाटते, पण तिला तिकडच्या आरटीओचे फॉर्म 28 वरील ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि इथला कर पुन्हा भरावा लागतो.

पैसे द्यायच्या दिवशी मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्याव्यात, रक्कम बँकेतून द्यावी, आणि विमा 14 दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, तो आपल्या हिशेबात धरू नये. ताबापावतीवर तारखेसोबत वेळही लिहावी, म्हणजे त्या सकाळचे चलान किंवा अपघात कोणाच्या नावावर, हा वाद उरत नाही. दुसरी किल्ली त्याच वेळी मागून घ्यावी.