डब्यातलं लोह पोरांच्या अंगी लागायला काय करायचं?

पालेभाजी दिली की झालं असं नसतं, त्यातलं लोह तसंही कमीच शोषलं जातं, म्हणून सोबत क जीवनसत्त्व हवंच. मोड आलेल्या मटकीची उसळ दिलीत तर लिंबाची फोड वेगळी ठेवा, मुलं डबा उघडल्यावर पिळतात, नाहीतर पेरूच्या फोडी तिखटमीठ लावून द्या, त्या तरी उरत नाहीत. आणि ते सकाळचं चहा-बिस्कीट बंद करा बाई, चहातलं टॅनिन लोह अडवतं! दूधही जेवणासोबत नको, कॅल्शियम आड येतं. नाचणीत १०० ग्रॅमला साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम, म्हणून तिची खीरही जेवणासोबत नको, संध्याकाळी खेळून आल्यावर द्या. भाजी लोखंडी कढईत करा, पण झाली की लगेच काढा, काळी पडली की पोरं तोंड फिरवतात.