माया स्तंभावरून ‘हा कोणाचा माणूस’ हे कसं ओळखावं

मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या प्राचीन माया लोकांचा राज्यकारभार त्यांच्या कोरीव दगडी स्तंभांवरून समजून घ्यायला बसलात, तर एक करा: सम्राट शोधू नका. मी दोन वर्षं शोधला. त्यांच्या शहरांपैकी तिकाल मोठं की कालाकमुल, सगळ्यांची राजधानी कुठली, असे प्रश्न वहीत लिहून ठेवले होते आणि दगड काही बोलत नव्हते. मग प्रश्न बदलला: हा कोणाचा माणूस? याचं उत्तर दगडावर चक्क कोरलेलं असतं.

स्तंभावरच्या लेखाचं रेखाचित्र समोर घ्या. छायाचित्रात झिजलेल्या रेषा हरवतात. रकाने दोन-दोनच्या जोडीने वाचायचे: डावीकडचं चिन्ह, त्याच्या शेजारचं, मग खालची ओळ. चिन्हांतले चेहरे सहसा डावीकडे बघतात. त्यांच्या नजरेच्या बाजूने आत शिरायचं, एवढं लक्षात ठेवा.

आता राजचिन्ह शोधा. वरच्या बाजूला ‘अहाव’, म्हणजे स्वामी. डावीकडे ओघळणारे थेंब, ते ‘कुहुल’, म्हणजे पवित्र. मधलं मोठं चिन्ह त्या राज्याचं किंवा घराण्याचं: तिकालचं म्हणजे मागून दिसणारी केसांची गाठ, कोपानचं वटवाघळाचं डोकं, कालाकमुलच्या घराण्याचं साप. हा साचा १९५८ मध्ये माया लेखांचे अभ्यासक हाइनरिख बर्लिन यांनी ओळखला. अशी पवित्र राजांची राज्यं डझनांनी होती आणि प्रत्येकाची गादी वेगळी होती. गादी हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण राज्यारोहणाचं त्यांचं एक क्रियापद ‘चुमवान’, म्हणजे ‘बसला’, असंच आहे.

खरी गंमत पुढे आहे. राज्यारोहणानंतर लगेच ‘उकाबहीय’ दिसतं का ते बघा. ‘अमक्याच्या देखरेखीखाली’ असा त्याचा अर्थ, आणि त्यामागून येणारं नाव वरच्या धन्याचं. दुसरी खूण ‘यहाव’: ‘अहाव’ला मालकीचा ‘य’ लागला की ‘त्याचा अहाव’, म्हणजे मांडलिक. राजा पवित्रही असायचा आणि दुसऱ्याचा माणूसही.

किरिग्वा या माया शहरातला इ-स्तंभ घ्या. साडेदहा मीटरचा हा एकसंध दगड ७७१ मध्ये उभारला. किरिग्वाचा राजा काक तिलिव चान योपात ७२५ मध्ये गादीवर बसला तो कोपानचा राजा वाशाक्लाहून उबाह काविल याच्या देखरेखीखाली, हे त्यावर आहे. याच धन्याला त्याने ७३८ मध्ये पकडून त्याचं शीर उडवलं आणि पुढे स्वतःला कुहुल अहाव म्हणवून घेतलं. एवढा विजय मिळवल्यावरही त्याने जुनं मांडलिकत्व दगडावरून गाळलं नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: आपल्याला गादीवर कोणी बसवलं, हे त्या विजयाला तेहतीस वर्षं उलटल्यावरही त्याला सांगावंसं वाटलं.

राजाच्या खालची माणसं हवी असतील तर उसुमासिंता नदीकाठचे लेख काढा. तिथे ‘सहाल’ भेटतात, लहान गावांचे कारभारी. ला पासादिता या लहान गावातल्या एका दारपट्टीवर याश्चिलान या मोठ्या शहराचा राजा आपल्या सहालासोबत कोरलेला आहे. सहालाला स्वतःच्या दारावर राजाशेजारी जागा मिळते, यावरून त्याचं वजन कळतं.

नावाआधी ‘इश’ आणि स्त्रीचं मुख दिसलं तर तिला नुसती राणी समजून पुढे जाऊ नका. एल पेरू या माया शहराच्या ३४व्या स्तंभावरची, ६९२ मधली राणी काबेल कालाकमुलच्या सापाच्या घराण्यातून आलेली होती. तिच्या नावाला ‘कलोमते’ ही पदवी आहे. ती अहावच्याही वरची, आणि तिच्या नवऱ्याच्या वाट्याला आली नव्हती.

हे सगळं अभिजात काळापुरतं, म्हणजे साधारण इ.स. २५० ते ९०० या काळापुरतं चालतं. तोनिना शहरातल्या ९०९च्या स्तंभानंतर माया लोकांच्या दीर्घ कालगणनेतल्या तारखा कोरणं थांबतं. स्पॅनिश लोक आले तेव्हाच्या युकातान द्वीपकल्पासाठी ‘हालाच विनिक’ हा प्रांताचा प्रमुख आणि ‘बाताब’ हा गावप्रमुख, हे शब्द कागदपत्रांत शोधावे लागतात. त्यांची वही वेगळी ठेवा.