सूप नको, वजनकाटा हवा : किडनीच्या विकारात कुत्र्याचे घरचे जेवण

आमची नऊ किलोची पॉमेरेनियन रिंकी अकरा वर्षांची असताना रक्ततपासणीत तिचा किडनीचा विकार उघड झाला, आणि तेव्हापासून दोन वर्षे तिचे जेवण मी दादरच्या घरी रोज स्वतः शिजवते. या काळात शेजारीपाजारी देत आलेले सल्ले दोनच प्रकारचे होते : मांस बंद करून नुसता दहीभात घाला, नाहीतर ताकदीसाठी चिकनचे सूप पाजा. दोन्ही चुकीचे आहेत. प्रथिने फारच तोडली तर जनावर खंगते, आणि आजारी किडनीला बाहेर टाकणे जड जाते ते फॉस्फरस सुपात भरपूर असते.

रक्तातील क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसली की रक्तात साचणारे टाकाऊ द्रव्य), फॉस्फरस व कॅल्शियम आणि लघवीतील प्रथिने तपासून पशुवैद्याकडून रोजचे प्रमाण ठरवून घेतले आहे, असे मी गृहीत धरते. रिंकीचे दिवसाचे माप म्हणजे शिजवलेला पांढरा भात २५० ग्रॅम, उकडलेले बिनहाडाचे चिकन ५० ग्रॅम, दोन उकडलेल्या अंड्यांचा पांढरा भाग, थोडा दुधी, एक मोठा चमचा तेल आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली जीवनसत्त्वांची पावडर. हे माप तिचे आहे. ते तसेच्या तसे उचलू नये.

भात मऊ शिजवावा, दुधी सोलून उकडावा. हातसडीच्या तांदळात फॉस्फरस अधिक असल्याने तो टाळावा. मीठ, कांदा व लसूण यांना या पातेल्यात जागा नाही.

चिकनचे बारीक तुकडे भरपूर पाण्यात उकडून ते पाणी मोरीत ओतून द्यावे, कारण मांसातले फॉस्फरस काही अंशी त्या पाण्यात उतरते. पहिले तीन महिने मी तेच पाणी मोठ्या मायेने भातावर घालत होते आणि रिपोर्टमधला आकडा खाली का येत नाही म्हणून औषधाला दोष देत होते. अंड्याचा बलक घरातल्या माणसांनी खावा. एका बलकात सुमारे ६५ मिलिग्रॅम फॉस्फरस असते, तर पांढऱ्या भागात जेमतेम ५.

मला सर्वांत जास्त छळले ते कॅल्शियमने. भात आणि मांस यांत ते नसल्यासारखेच असते, आणि अन्नातून मिळाले नाही की शरीर ते हाडांतून ओढून घेते. हाडांच्या चुऱ्यात कॅल्शियमसोबत फॉस्फरसही येत असल्याने तो येथे निरुपयोगी ठरतो. अंड्याच्या टरफलाची पूड मात्र चालते, कारण ती बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट असते आणि अन्नात मिसळली तर आतड्यात थोडे फॉस्फरसही बांधून ठेवते, म्हणजे ते रक्तात उतरू देत नाही. रिकाम्या पोटी दिली तर हा दुसरा फायदा मिळत नाही. टरफले धुऊन दहा मिनिटे उकळावीत, तव्यावर मंद आचेवर खडखडीत वाळवावीत, मिक्सरमध्ये दळावीत आणि मलमलच्या फडक्यातून गाळावीत. मी सुरुवातीला खलबत्त्यात कुटून भागवले, तेव्हा रिंकीच्या शीमध्ये पांढऱ्या कपच्या जशाच्या तशा दिसल्या. चिमटीत पूड घेऊन बघावी. रवाळ लागली तर पुन्हा दळावी.

दुसरी चूक चमच्याची. माझा पाव चमचा कधी सपाट असे, कधी शिगोशीग, आणि पुढच्या तपासणीत कॅल्शियम वर गेलेले आढळले, जे किडनीला तितकेच घातक आहे. साधारण सव्वा ग्रॅम पुडीत अर्धा ग्रॅम कॅल्शियम असते, तेव्हा ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा विकत घ्यावा आणि महिन्याच्या पुड्या एकदाच बांधाव्यात. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत पूड गोळा होते, म्हणून पुड्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवाव्यात. रक्तातील कॅल्शियम आधीच जास्त असेल, किंवा फॉस्फरस बांधणारे औषध चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूड देऊ नये.

नवे जेवण आठवडाभरात जुन्यात थोडे थोडे वाढवत न्यावे, कोमट द्यावे, आणि पाण्याचे भांडे कधीही रिकामे ठेवू नये. जनावराने तोंड फिरवले की वर सुकटीचा चुरा भुरभुरण्याचा मोह होतो. सुकटीत मीठ आणि काट्यांसकट फॉस्फरस दोन्ही असल्याने तो आवरावा. दोन वेळा सलग ताट तसेच राहिले तर नवनवे पदार्थ करून पाहण्यात दिवस घालवू नये, दवाखाना गाठावा. महिन्याने रक्त पुन्हा तपासून पुडीचे वजन डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावे.