बुलेटची कॅफे रेसर करताय? ग्राइंडर उचलण्याआधी या चुका टाळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत. कुणी मोटरसायकलची चेसी कापायला आणली की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "गाडी चालू हाय न्हवं?" नाही म्हटलं की ते परत आपल्या जॉबकडं वळतात. मी १९९४ ची बुलेट ३५० कॅफे रेसर, म्हणजे खाली हॅण्डल आणि एकट्यापुरत्या सीटची गाडी, करायला घेऊन गेलो, ती टेम्पोतून. मामांनी मागच्या टायरला एक लाथ घातली आणि म्हणाले, "हिच्यावरनं पन्हाळ्याला जाऊन ये आधी. मग कापू."

तेव्हा राग आला होता. आज तिसरी गाडी झाल्यावर मीच पोरांना तेच सांगतो.

बंद गाडीवर काम सुरू करणं ही सगळ्यात महागडी चूक. गाडी मूळ अवस्थेत असताना ती बिघडली तर कारण शोधता येतं, कारण अशा हजारो गाड्या मेकॅनिकच्या हाताखालून गेलेल्या असतात. तुम्ही फिल्टर, सायलेन्सर, वायरिंग आणि बॅटरी एकदम बदललीत आणि मग गाडी मिसिंग मारायला लागली, तर संशय कुणावर घ्यायचा? कार्बोरेटरच्या नव्या जेटवर (पेट्रोल मापून सोडणाऱ्या छिद्रावर), की वीस वर्षं जुन्या कॉइलवर? निदान पाचशे किलोमीटर आहे तशी चालवा. धूर, तेलगळती, कोनसेटमधला (हॅण्डलच्या गळ्यातल्या बेअरिंगचा) कटकट आवाज, चिमट्याच्या (मागचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) बुशातला हेलकावा, रिमचा आऊट म्हणजे वाकडेपणा, सगळं वहीत लिहा. ते दुरुस्त करा. मग एका वेळी एकच बदल. कंटाळवाणं आहे, मान्य.

कागद आधी बघा

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि कंपनीनं दिलेली मूळ रचना यांत तफावत येईल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड बदलागणिक आहे, गाडीमागे नाही, हे नीट वाचा. रंग बदललात तर तोही आरसीवर चढवून घ्यावा लागतो. म्हणून माझा हट्ट असतो की जेवढं नटबोल्टवर होईल तेवढं नटबोल्टवरच करा, आणि काढलेला एकही मूळ पार्ट भंगारात घालू नका. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीचं पासिंग करायला जाल तेव्हा तो माळ्यावरचा सायलेन्सर देवासारखा धावून येतो.

पावडर कोटिंगला चेसी देताना हॅण्डलच्या गळ्याजवळचा नंबर झाकून घ्या. एकदा जाड थर बसला की आकडे बुजतात, आणि मग पासिंगला नंबर खरवडताना बघून आरटीओच्या साहेबाच्या मनात नको ते विचार येतात.

मागचा हूप

चेसीची शेपटी कापून तिथं गोल नळीचा हूप लावतात. इथं दोन घोटाळे होतात. पहिला, शॉकअपच्या वरच्या बोल्टाच्या फार जवळ कापणं. दुसरा, नुसतं तोंडाला तोंड लावून वेल्डिंग मारणं. नळीच्या आत घट्ट बसणारा नळीचाच तुकडा गाभा म्हणून घाला, बाहेरच्या नळीला भोकं पाडून तिथूनही तो वेल्ड करा, मग जोड शिवा. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी आणि रेक्टिफायरचं सॉकेट काढायचं विसरू नका.

हूप किती उंच हवा हे डोळ्यांनी ठरवू नका. शॉकअपच्या स्प्रिंगा काढा, नुसते दांडे परत बसवा आणि चाक शेवटपर्यंत वर उचला. टायर आणि हूप यांच्यात किमान २५ मिलिमीटर जागा राहिली पाहिजे. माझ्या पहिल्या गाडीत स्टँडवर उभी असताना चार बोटं जागा होती, त्यामुळे मी खूश. मित्राला मागं बसवून एक स्पीडब्रेकर ओलांडला आणि जळक्या रबराचा वास आला. खाली वाकून बघितलं तर टायरच्या मधोमध हूपनं चकचकीत पट्टा घासून काढला होता.

हॅण्डल खाली, पाय तिथंच

कॅफे रेसर म्हणजे मुळात बसण्याची पद्धत. पन्नास-साठच्या दशकांत लंडनच्या एस कॅफेवर जमणारी रॉकर म्हणवणारी बाइकवेडी पोरं ताशी १०० मैल, म्हणजे साधारण १६० किलोमीटर, गाठायला वाऱ्याखाली दबून बसायची. त्यासाठी हॅण्डल खाली आलं, पाय मागं गेले, आणि सीट मागं उंचावलेली, एकट्यापुरती झाली. हे तिन्ही एकत्र आलं. आपल्याकडे नव्वद टक्के पोरं फक्त हॅण्डल खाली आणतात. मग गुडघे पुढं, छाती खाली, आणि सगळं वजन मनगटांवर. इचलकरंजीपर्यंत जाईस्तोवर पंजे बधिर होतात आणि पोरगं म्हणतं, ही गाडीच वाईट. (आपली लोखंडी इंजिनाची ३५० ताशी १६० ची स्वप्नंही बघत नाही, हे वेगळंच.)

बुलेटला क्लिप-ऑन, म्हणजे फोर्कच्या नळ्यांवर थेट आवळायची दोन सुटी हॅण्डलं, लावण्यात एक अडचण आहे, ती पार्ट मागवल्यावरच कळते. जुन्या स्टँडर्ड मॉडेलमध्ये हेडलाइटचं ते भलं मोठं केसिंग हीच वरची टी, म्हणजे फोर्कच्या नळ्यांना वरून धरणारा भाग, असते. फोर्कच्या नळ्या त्यातच जाऊन बसतात. क्लिप-ऑनला पकडायला वर उघडी नळी मिळतच नाही. एक तर दुसऱ्या मॉडेलचा फोर्क आणि टी घालायची, नाहीतर आहे त्या क्लॅम्पमध्ये सरळ, बुटकं हॅण्डल लावायचं. पहिल्या गाडीला मी दुसरा मार्ग सुचवतो. स्वस्त पडतो आणि पाठही वाचते.

हॅण्डल बसल्यावर इंजिन चालू ठेवून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर ॲक्सिलरेटरची केबल ताणली जातेय. बोटं टाकीवर चेपत असतील तर फोर्कचा स्टॉपर वाढवून घ्या. यू-टर्न मारताना अंगठा अडकणं म्हणजे काय, हे अनुभवायची गरज नाही.

पाय मागं न्यायचे तर बुलेटमध्ये आणखी एक गंमत. गिअर आणि किक दोन्ही उजवीकडं, ब्रेक डावीकडं. मागं लावलेला उजवा फूटरेस्ट घडी होणारा नसेल तर किक मारताना टाच त्यावरच आपटते. गिअरच्या पेडलला जोडणाऱ्या लिंकेजचा आर्म उलट्या बाजूला बसला तर गिअरही उलटतो, म्हणजे पहिला वर आणि बाकीचे खाली असतात ते पहिला खाली आणि बाकीचे वर. ज्याला हातापायाची सवय झालीय तो चढावर तिसऱ्याऐवजी पहिला टाकून बसतो. आणि ब्रेकचा रॉड लांब-आखूड केल्यावर पेडल दाबून ड्रमवरचा आर्म किती फिरतो ते बघा. पूर्ण दाबल्यावर रॉड आणि आर्म यांच्यात साधारण काटकोन यायला हवा.

उघडा फिल्टर आणि फटफट

बाजूचे डबे काढले की एअर फिल्टरही जातो आणि कार्बोरेटरच्या तोंडावर सुळका फिल्टर येतो. दिसायला झकास. हवा वाढली, पेट्रोल तेवढंच राहिलं, म्हणून मिश्रण पातळ होतं. लक्षणं अशी: ॲक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटाके, चढावर दम जाणं, इंजिन नेहमीपेक्षा गरम, प्लगचं टोक पांढरं. पोरं यातल्या फटाक्यांनाच आवाज समजून खूश होतात.

कुठला जेट बदलायचा ते ॲक्सिलरेटर किती उघडल्यावर त्रास होतो यावर ठरतं. अगदी थोडा उघडल्यावर असेल तर पायलट जेट. मधल्या पट्ट्यात असेल तर सुईची क्लिप एक खाच खाली सरकवा, सुई वर येते आणि पेट्रोल वाढतं. पूर्ण उघडल्यावर असेल तर मेन जेट एकेक नंबरनं मोठा करा. प्लग वाचायचा तर मोकळ्या रस्त्यावर पूर्ण उघडून ओढा, त्याच क्षणी क्लच दाबून इंजिन बंद करा, कडेला थांबून प्लग काढा. बिस्किटाचा रंग हवा. रेंगाळत गॅरेजपर्यंत आलात तर प्लग रेंगाळण्याचीच गोष्ट सांगेल. बुलेटचा साधा स्लाइडवाला कार्बोरेटर हे सहन करतो. जुन्या पल्सरसारख्या गाड्यांत रबरी डायफ्रॅमवाला कार्बोरेटर असतो, तो मात्र उघड्या फिल्टरवर फार नखरे करतो. तिथं मूळ एअर बॉक्स ठेवा आणि सीटखाली लपवा.

आणि पावसाळ्यात गगनबावड्याला जायचं असेल तर उघड्या फिल्टरवर मागच्या चाकाचं पाणी येतं, हे लक्षात असू द्या. मागचं मडगार्ड काढलं होतं ना? तेच.

सायलेन्सरच्या पाइपला गुंडाळायची ती पट्टी पाणी धरून ठेवते. दोन पावसाळ्यांत पाइप आतून सोडा, बाहेरूनच कुजतो. एवढंच पुरे.

रंगाखाली गाडलेली अर्थ

दुसऱ्या गाडीत मी आठ दिवस घालवले. इंडिकेटर संथ, हॉर्न घोगरा, हेडलाइट रेसवर फडफडणारा. बॅटरी बदलली, रेक्टिफायर बदलला. शेवटी मीटर लावला. इंजिन चालू, थोडी रेस, बॅटरीच्या टोकांवर १४ व्होल्टच्या आसपास. म्हणजे चार्जिंग ठीक. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं चेसीच्या बोल्टाला लावून हेडलाइट चालू केला, तर तब्बल दीड व्होल्ट दिसला. तिथं जवळजवळ शून्य दिसायला हवा. कोटिंगवाल्यानं चेसी सुंदर काळी करून दिली होती आणि अर्थच्या, म्हणजे बॅटरीची निगेटिव्ह वायर चेसीला जोडणाऱ्या, बोल्टाखालीही तोच सुंदर थर होता. पॉलिश पेपरनं रुपयाएवढी जागा खरवडली, ग्रीस लावून बोल्ट आवळला. हॉर्न असा वाजला की शेजारच्या काकू बाहेर आल्या.

म्हणूनच रंग सगळ्यात शेवटी. आधी गाडी उघड्या लोखंडात पूर्ण उभी करा, सगळे टॅब, क्लिपा आणि वायरिंगच्या वाटा ठरवा, दोनशे किलोमीटर फिरवा. रंगानंतर एक टॅब राहिला म्हणून वेल्डिंग मारायची वेळ आली की टाकीवरच्या लांबीचे (पुट्टीचे) पापुद्रे मोजत बसावं लागतं.

बुलेट थरथरते, त्यामुळे नव्या पार्टांना नायलॉनचे नट आणि थ्रेड लॉक (आटे सुटू न देणारा गोंद) वापरा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर आणि मग शंभरनंतर प्रत्येक बोल्ट पान्यानं तपासा. बोल्टावर आणि शेजारच्या लोखंडावर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा, सरकला की लगेच दिसतो. जोतिबाचा घाट उतरताना माझ्या ब्रेक रॉडचा नट पडला, तेव्हा फक्त त्याच एका नटावर रेघ मारायची राहिली होती.