शिमानेत नोकरी: अडलं कुठे, सुटलं कसं

जपानच्या शिमाने प्रांतातल्या मात्सुएसारख्या लहान शहरात नुसते ऑनलाइन अर्ज टाकत बसू नका, उत्तरच येत नाही. सरळ 'हॅलो वर्क' या सरकारी रोजगार कार्यालयात जा. सेवा मोफत आहे. झाइर्यू कार्ड, म्हणजे परदेशी रहिवाशाचं ओळखपत्र, दाखवून नाव नोंदवा, जाहिरातीचा क्रमांक खिडकीवर द्या. कर्मचारी तिथूनच कंपनीला फोन लावतात, परदेशी उमेदवार चालेल का विचारतात. होकार आला की शोकाइजो, म्हणजे परिचयपत्र, हातात मिळतं. माझं गाडं इथेच सुटलं.

गाडीचा परवाना मात्र आधी जपानी करून घ्या, बसच्या भरवशावर कारखाना गाठणं कठीण. भारतीय परवाना काढल्यानंतर किमान 3 महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात, म्हणून जुना पासपोर्ट जपून ठेवा. नोकरी बदलली तर 14 दिवसांत इमिग्रेशनला कळवा.