गावचा नाला आणि पावसाचे पाणी: गुणवत्ता-मापनाच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

पाठ्यपुस्तकांतील शहरात सांडपाण्याची गटारे वेगळी असतात आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. पूर्णा खोऱ्यातील ज्या तालुक्याच्या गावी मी हे काम शिकलो, तेथे असा भेद नाही. घरांतील मोरीचे पाणी, बसस्थानकाच्या आवारातील तेलकट चिखल, आठवडी बाजारातील सडका भाजीपाला आणि जिनिंगकडून वाहून येणारा कापसाचा कचरा हे सारे एकाच नालीने नाल्यात उतरते. त्यामुळे पावसाने नाल्याचे काय केले हे सांगायचे असेल, तर पाऊस नसताना तो कसा होता याची नोंद आधी हाती असावी लागते. मे महिन्यात, पाण्याची जेमतेम धार वाहत असताना घेतलेले नमुने नीरस वाटतात. परंतु पुढच्या प्रत्येक आकड्याची तुलना त्यांच्याशीच होणार असते.

जागांची निवड हा दुसरा मुद्दा. गावाच्या वर एक, गावाची शेवटची नाली मिळते त्याच्या खाली एक, आणि दोन-तीन किलोमीटर पुढे एक, अशा किमान तीन जागा हव्यात. वरची जागा टाळण्याचा मोह नवशिक्यांना होतो, कारण तेथे शेतातील चिखल तुडवत जावे लागते. मात्र आपल्याकडील काळी माती पहिल्या जोराच्या सरीतच वाहू लागते आणि गाव लागण्यापूर्वीच पाणी गढूळ झालेले असते. तो गढूळपणा वजा केल्याशिवाय गावावर ठपका ठेवणे अन्यायाचे ठरेल. विद्युतवाहकतेच्या, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणाऱ्या मापाच्या बाबतीतही सावध राहावे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात जमिनीतील पाणीच खारट असल्याने उन्हाळ्यातील नाल्याची वाहकता मुळातच जास्त असते आणि पावसाने ती खाली येते. अन्य प्रदेशातील निबंध वाचून वाहकतेलाच प्रदूषणाचे माप मानणारा येथे नेमका उलटा निष्कर्ष काढील.

आता वेळेविषयी, कारण सारे काम वेळेवर अवलंबून आहे. उन्हाळाभर रस्त्यांवर आणि नाल्यांत साचलेली घाण मृगाच्या पहिल्या सरींबरोबर निघते, आणि पाणी चढत असताना तिचे प्रमाण बहुधा सर्वाधिक असते. दुसऱ्या दिवशी सकाळी बाटली घेऊन गेल्यास तो लोंढा निघून गेलेला असतो. पाणी चढू लागताच आरंभी दर दहा-पंधरा मिनिटांनी आणि ओसरताना अर्ध्या-एक तासाने नमुना घ्यावा. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर दिवसात ६५ मिलिमीटर नोंदले गेले की अतिवृष्टी म्हणतात. पण तोच पाऊस तासाभरात पडला की दिवसभर रिमझिमत राहिला, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही, म्हणून स्वतःचे साधे पर्जन्यमापक जवळ ठेवून वेळेसह नोंद करावी. विजा कडाडत असताना नाल्यावर थांबू नये; पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे दामिनी ॲप मोबाइलवर असू द्यावे. नमुना पुलावरून दोरीच्या बादलीने घ्यावा, पाण्यात उतरून नव्हे, आणि रपट्यावरून (नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर पलीकडची जागा त्या दिवशी सोडून द्यावी.

नमुन्याबरोबर प्रवाह मोजला नाही तर निम्मे काम वाया जाते. पुलाच्या खांबावर रंगाने मोजपट्टी आखावी, नाल्याचा आडवा छेद (रुंदी आणि खोली) कोरड्या दिवसांत मोजून ठेवावा, आणि तरंगत्या वस्तूच्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढावा; त्याला छेदाच्या पाण्याखालील क्षेत्रफळाने गुणले की प्रवाह मिळतो. समजा सेकंदाला २ घनमीटर पाणी वाहत आहे आणि लिटरमागे ८०० मिलिग्रॅम गाळ आहे. तर सेकंदाला १.६ किलो, म्हणजे तासाला ५.७६ टन गाळ पुढे चालला आहे. मोठ्या पुरात पाणी मिसळून लिटरमागचा आकडा उतरला, तरी एकूण भार वाढलेला असू शकतो.

प्रयोगशाळा बहुधा जिल्ह्याच्या ठिकाणी असते. जैविक ऑक्सिजन मागणी (घाण कुजवताना सूक्ष्मजीव पाण्यातील किती ऑक्सिजन वापरतात त्याचे माप) आणि कोलिफॉर्म (विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानले जाणारे जिवाणू) यांचे नमुने बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत पोहोचवावेत. भारतीय मानकाप्रमाणे ही मागणी २७ अंश सेल्सिअसला ३ दिवस ठेवून मोजतात, तेव्हा वीज गेल्यावर तेथील इन्क्युबेटर कशावर चालतो, हे आधीच विचारावे. त्यात संकोच कसला?

विरघळलेला ऑक्सिजन मात्र जागेवरच मोजावा किंवा रसायने घालून तेथेच स्थिर करावा, आणि त्याच्या आकड्यांनी हुरळून जाऊ नये. उसळत्या पुरात हवा मिसळत असल्याने तो चांगलाच येतो. खरा परिणाम नंतर, उघडीप पडल्यावर दिसतो. पुरासोबत आलेला सेंद्रिय गाळ डोहात बसतो, कुजताना ऑक्सिजन खातो, आणि रात्रभर वनस्पतींचे श्वसनही चालू असल्याने पहाटे तो सर्वांत खाली जातो. म्हणून पाऊस थांबल्यानंतर दोन-तीन दिवस खालच्या डोहावर सूर्योदयापूर्वी जावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात स्नानायोग्य पाण्यासाठी लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन अपेक्षित आहे. डोहातील पहाटेचा आकडा त्याच्याशी ताडून पाहावा, आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील तर तेही वेळेसह वहीत लिहावे.