राउटर शिकवायचा तर आधी त्याचा पासवर्ड पकडून दाखवा

डिप्लोमा, बीसीए किंवा बीएस्सी आयटीच्या मुलांचं नेटवर्किंगचं प्रॅक्टिकल ज्यांच्या गळ्यात नव्यानं पडलंय, त्या सर-मॅडमसाठी हे लिहितोय. मी आधी एका केबल-इंटरनेटवाल्याकडे खांबावर चढून आणि रॅकसमोर उकिडवं बसून काम केलं, मग जिल्ह्याच्या गावातल्या तंत्रनिकेतनात शिकवायला आलो. इथं पोरांच्या जर्नलात सगळ्या कमांड सुवाच्य अक्षरात असतात. ओरलला ‘ही ओळ कशासाठी?’ विचारलं की सगळे पंख्याकडे बघतात. दुखणं माहीत नसताना औषधांची नावं पाठ केल्यासारखं ते असतं. म्हणून माझ्या लॅबमध्ये कुठलीही कमांड यायच्या आधी, ती नसली तर काय होतं ते टेबलावर घडवून दाखवायचं, असा नेम आहे.

सामान फार लागत नाही. एक खरा राउटर आणि एक मॅनेज्ड स्विच (ज्याला कमांड देता येतात असा) पुरतो. कंपन्यांनी काढून टाकलेले सिस्कोचे १८४१ किंवा २८११ राउटर आणि २९६० स्विच जुन्या बाजारात मिळतात. घेताना ‘शो व्हर्जन’ करून इमेजच्या, म्हणजे राउटरच्या सॉफ्टवेअर फाइलच्या, नावात ‘के९’ ही एन्क्रिप्शनची खूण आहे का तेवढं बघा. ते नसेल तर एसएसएच (दूरून सुरक्षित लॉगिन करायची पद्धत) चालणार नाही आणि अर्धा अभ्यासक्रम तिथंच बसेल. लॅपटॉप जोडायला आकाशी निळी चपटी कन्सोल केबल, यूएसबी-टू-सिरियल कन्व्हर्टर, पुटी हा टर्मिनल प्रोग्रॅम, स्पीड ९६००. स्क्रीन काळीच राहिली तर आधी एंटर दाबायला सांगा, मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा नंबर तपासा. निम्म्या बॅचची अडचण इथंच सुटते.

बाकीच्यांसाठी पॅकेट ट्रेसर, नेटवर्कची नक्कल करणारा प्रोग्रॅम. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचं खातं काढलं की फुकट मिळतो. राउटिंग, व्हीलॅन (एकाच स्विचवर पाडलेली वेगळी नेटवर्कं), ॲक्सेस लिस्ट (कुणाला जाऊ द्यायचं, कुणाला अडवायचं याची यादी) याच्यावर उत्तम होतात. पण त्यातली पॅकेटं त्याच्या पोटातच फिरतात, वायरवरची पॅकेटं पकडून दाखवणाऱ्या वायरशार्कला ती दिसत नाहीत. म्हणून पकडापकडीचं सगळं खऱ्या राउटरवरच करायचं.

सुरुवात करण्याआधी प्रात्यक्षिकाच्या टेबलाची कॉलेजच्या नेटवर्कला जाणारी वायर काढा, आणि सगळ्यांच्या देखत काढा. मग पाच मिनिटं कायद्याला द्या. परवानगीशिवाय, लबाडीच्या हेतूनं दुसऱ्याच्या यंत्रात शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलमांनी पोरं जांभया देतात, म्हणून मी मिराईची गोष्ट सांगतो. २०१६ साली या प्रोग्रॅमनं कॅमेरे, डीव्हीआर आणि घरगुती राउटर लाखोंनी ताब्यात घेतले. त्यात जादू काहीच नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या साठेक यूजरनेम-पासवर्डच्या जोड्या तो टेलनेटवर (दूरून लॉगिन करायची जुनी पद्धत) टाकून बघायचा. तो लिहिणाऱ्यांपैकी एक रटगर्स विद्यापीठात शिकलेला पोरगा होता आणि त्यानं आपल्याच विद्यापीठाचं नेटवर्क वारंवार पाडलं होतं. कोर्टानं त्याला सहा महिने घरात स्थानबद्ध केलं आणि ८६ लाख डॉलर भरपाई भरायला लावली. हा आकडा रुपयांत काढायला सांगा. वर्ग गप्प होतो.

आता पहिलं खरं प्रॅक्टिकल. राउटरवर मुद्दाम टेलनेट चालू ठेवा आणि एक यूजरनेम ठरवा. स्विचवर ‘मॉनिटर सेशन’ लावून राउटरच्या पोर्टची वाहतूक दुसऱ्या पोर्टवर वळवा, आणि त्या पोर्टला वायरशार्क चालू असलेला लॅपटॉप जोडा. एका मुलीला बोलवा, पासवर्ड तिलाच ठरवू द्या, बाकीच्यांना पाठ फिरवू द्या. ती टेलनेटनं लॉगिन करते. तुम्ही वायरशार्कमध्ये एक पॅकेट निवडून ‘फॉलो टीसीपी स्ट्रीम’ करता आणि प्रोजेक्टरवर तिचा पासवर्ड उभा राहतो.

इथं घाई करू नका. स्ट्रीममध्ये लाल अक्षरं लॅपटॉपकडून गेलेली, निळी राउटरकडून आलेली. यूजरनेमचं प्रत्येक अक्षर दोनदा दिसतं, पासवर्डचं एकदाच. का, ते तुम्ही सांगू नका. थोडा वेळ जातो, मग मागच्या बाकावरून कुणीतरी बोलतंच: नाव टाइप करताना स्क्रीनवर दिसतं, म्हणजे राउटर प्रत्येक अक्षर परत पाठवतो; पासवर्ड दिसत नाही, म्हणजे तो परत पाठवत नाही. पण जाताना तर जातोच, आणि उघडाच जातो. एवढं एकदा डोळ्यानं पाहिलं की टेलनेट का बंद करायचं यावर मला आजवर वेगळं व्याख्यान द्यावं लागलेलं नाही.

त्याच तासाला एसएसएच. होस्टनेम द्या, डोमेन नेम द्या, मग ‘क्रिप्टो की जनरेट आरएसए’. जुन्या आयओएसवर (सिस्कोच्या राउटरचं सॉफ्टवेअर) किती बिटची किल्ली हवी असं विचारल्यावर पोरं नुसतं एंटर मारतात आणि ५१२ बिटची किल्ली बनते. मारू द्या. पुढं ‘आयपी एसएसएच व्हर्जन २’ टाकलं की राउटरच कुरकुरतो, किमान ७६८ हवी म्हणून. तेव्हा २०४८ ची बनवायची. मग ‘लाइन व्हीटीवाय ० ४’ (दूरून लॉगिन करायच्या वाटा) खाली ‘लॉगिन लोकल’ आणि ‘ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच’. पुन्हा तीच मुलगी, तोच पासवर्ड, तोच वायरशार्क. यावेळी स्ट्रीममध्ये नुसता कचरा. जुन्या राउटरला जोडताना पुटी ‘ही पद्धत कमकुवत आहे’ असा इशारा देतो. तो चटकन बंद न करता मोठ्यानं वाचायला लावा. एसएसएच म्हटलं की संपलं, असं नसतं हे पोरांना तिथंच कळतं.

राउटरचे पूर्ण अधिकार देणाऱ्या ‘एनेबल पासवर्ड’ आणि ‘एनेबल सिक्रेट’ मधला फरक परीक्षेत हमखास येतो आणि पोरं ‘एक एन्क्रिप्टेड, एक नाही’ लिहून मोकळी होतात. ‘सर्व्हिस पासवर्ड-एन्क्रिप्शन’ लावून ‘शो रन’ मध्ये (चालू कन्फिग दाखवणारी कमांड) दिसणारी सातच्या आकड्यापुढची ओळ फळ्यावर लिहा आणि मोबाइलवर उलगडायला सांगा. टाइप ७ उलगडणारी पानं नेटवर ढिगानं आहेत, दहा सेकंदांत उत्तर येतं. मग सिक्रेटची, पाचच्या आकड्यापुढची ओळ द्या. ती तशी उलगडत नाही, एकेक पासवर्ड लावूनच बघावा लागतो. नव्या आयओएसवर टाइप ८ आणि ९ त्याहून चिवट आहेत. उदाहरणाला स्वतःचा खरा पासवर्ड घेऊ नका, हे सांगायची गरज नसावी.

ॲक्सेस लिस्टला मी सगळ्यात जास्त वेळ देतो, कारण पोरांचं डोकं इथंच तयार होतं. पॅकेट ट्रेसरमध्ये दोन नेटवर्कं मांडा: लॅब १९२.१६८.१०.०, ऑफिस १९२.१६८.२०.०. ऑफिसच्या बाजूला वेब सर्व्हर आणि साइटच्या नावावरून आयपी सांगणारा डीएनएस सर्व्हर. मागणी एकाच वाक्यात द्या: ‘लॅबच्या मुलांना ऑफिसची वेबसाइट दिसली पाहिजे, बाकी काही नको.’ पुढं बोलू नका. बहुतेक जण वेबच्या पोर्ट ८० ला परवानगी देणारी एकच ओळ लिहितात. आयपी टाकला तर साइट उघडते, नावानं उघडत नाही. ‘सर, सॉफ्टवेअर बिघडलंय’ असा ओरडा होतो. यादीच्या शेवटी न दिसणारी ‘बाकी सगळ्याला मनाई’ असतेच आणि डीएनएसचा यूडीपी ५३ तिच्यात अडकलाय, हे त्यांचं त्यांना सापडू द्या.

सापडायचं साधन एकच: ‘शो ॲक्सेस-लिस्ट’. प्रत्येक ओळीला किती पॅकेटं लागली तो आकडा तिथं असतो. वर ‘परमिट आयपी एनी एनी’ आणि खाली पाच ओळी मनाई असं लिहिणारा एकतरी असतोच. त्याला त्या पाच ओळींसमोर एकही मॅच नाही हे दाखवा. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली जुळणारी ओळ निकाल लावते, हे वेगळं सांगावं लागत नाही. वाइल्डकार्ड मास्कवर मी फार वेळ घालवत नाही. सबनेट मास्कचा प्रत्येक आकडा २५५ मधून वजा करा, पुढं चला.

खऱ्या राउटरवर दूरून ॲक्सेस लिस्ट लावायची वेळ आली की आधी ‘रीलोड इन १०’ टाकायला शिकवा. स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं तर दहा मिनिटांनी राउटर आपोआप जुन्या सेव्ह केलेल्या कन्फिगवर परत येतो. सगळं नीट चाललं तर ‘रीलोड कॅन्सल’, मगच सेव्ह. पाठ्यपुस्तकांत ही युक्ती क्वचित असते. फील्डवरच्या माणसाची नोकरी मात्र अनेकदा तिच्यावरच टिकते.

पोरांना सर्वांत जास्त हसवणारं प्रॅक्टिकल म्हणजे आगंतुक डीएचसीपी, म्हणजे न बोलावता आयपी पत्ते वाटणारा. घरातला जुना वायफाय राउटर आणा आणि त्याचा लॅन पोर्ट टेबलाच्या स्विचला जोडा. सगळ्यांना आयपी नव्यानं घ्यायला लावा. कुणाला लॅबच्या राउटरकडून पत्ता मिळतो, कुणाला या उपटसुंभाकडून, आणि त्यांचं गेटवे भलतंच असतं. हॉस्टेलमध्ये ‘नेट चालतंय पण चालत नाहीये’ अशा तक्रारींमागे बऱ्याचदा हेच असतं. उपाय डीएचसीपी स्नूपिंग: स्विचवर चालू करा, ज्या पोर्टवर खरा राउटर आहे तेवढ्यालाच ‘ट्रस्ट’ द्या. ते केल्यावर खऱ्या राउटरकडूनही आयपी येईनासा झाला तर गोंधळू नका. स्विच विनंतीत ऑप्शन ८२ (ती कुठल्या पोर्टवरून आली याची माहिती) घुसवतो आणि सिस्कोचा डीएचसीपी सर्व्हर ती विनंती टाकून देतो. स्विचवर ‘नो आयपी डीएचसीपी स्नूपिंग इन्फॉर्मेशन ऑप्शन’ टाका.

पासवर्ड रिकव्हरी एकदा करून दाखवाच: राउटर बंद-चालू, ब्रेक की, कन्फिग रजिस्टर २१४२ (म्हणजे सेव्ह केलेलं कन्फिग न वाचताच चालू हो), आणि पासवर्ड न विचारता आत. झाल्यावर रजिस्टर परत २१०२ करा. मग विचारा, रॅकची किल्ली कुणाकडे असते? बहुतेक ठिकाणी ती रॅकलाच लटकत असते.

घरचा अभ्यास म्हणून आपल्याच घरचा वायफाय राउटर, आईवडिलांना विचारून. आधी मागच्या स्टिकरचा फोटो काढायचा. ॲडमिनचा पासवर्ड बदललाय का, रिमोट मॅनेजमेंट बंद आहे का, डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिननं वायफाय जोडायची सोय) चालू आहे का, एवढं तपासायचं. डब्ल्यूपीएसचं गणित वर्गात करून घ्या. आठ अंकी पिन म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटतं. पण राउटर पहिले चार अंक वेगळे तपासतो, आणि शेवटचा अंक नुसता चेकसम, म्हणजे आधीच्या अंकांवरून काढलेला. म्हणून दहा हजार अधिक एक हजार, फक्त ११,०००. ही खोट २०११ मध्ये जाहीर झाली, तरी त्या बटणाचे डबे अजून घराघरांत आहेत. स्क्रीनशॉट जमा करताना वायफायचा पासवर्ड झाकायला बजावा. नाहीतर सुरक्षेचा गृहपाठ अख्ख्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उघडा पडतो.

लॉगचा, म्हणजे राउटरनं ठेवलेल्या घटनांच्या नोंदींचा, तास छोटा. काही जुन्या राउटरांचं घड्याळ चालू होताच १ मार्च १९९३ दाखवतं, तुमच्या पोरांच्या जन्माआधीचं. अशा लॉगवरून काय सिद्ध होणार? एनटीपी (नेटवर्कवरून घड्याळ जुळवायची सोय) लावा आणि वेळ जुळल्याचं दाखवा. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे संस्थांना लॉग १८० दिवस ठेवावे लागतात आणि ठरावीक घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. नोकरीच्या मुलाखतीत हे सांगणारा मुलगा उठून दिसतो.

परीक्षा घेताना कोरा राउटर देऊ नका. पाठ केलेलं ओतून मोकळे होतात. तीन चुका पेरलेलं कन्फिग द्या, प्रत्येक जोडीला वेगळं: कुठं ‘नो शटडाउन’ टाकायचं राहिलेलं, कुठं ॲक्सेस लिस्ट ‘इन’ ऐवजी ‘आउट’, कुठं मास्क चुकलेला. आणि ‘शो रन’ला बंदी. ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’, ‘शो आयपी रूट’, पिंग, एवढ्यावर शोधा. चूक सापडली नाही पण शोधायची दिशा बरोबर असेल तर मी मोकळ्या हातानं मार्क देतो. काही बाहेरच्या परीक्षकांना ते पटत नाही. तिथं थोडा वाद घालावा लागतो.

पुढची बॅच यायच्या आत ‘इरेज स्टार्टअप-कन्फिग’ करून रीलोड करा. स्विचवर एवढं पुरत नाही, कारण व्हीलॅन फ्लॅशमधल्या ‘व्हीलॅन.डॅट’ फाइलमध्ये राहतात. तीही ‘डिलीट’ करा, नाहीतर दुपारच्या बॅचची पोरं सकाळच्यांनी बनवलेले व्हीलॅन आपले म्हणून जर्नलात उतरवतील.